२८ जून : योगायोग किती आणि मुद्दाम किती?

जुनी_वही

दिनविशेष वाचायची सवय जुनी आहे आणि त्यांचा कंटाळाही तितकाच जुना. एका ओळीत कुणाचा जन्म, पुढच्या ओळीत कुठला तरी तह. एकमेकांशी काडीचा संबंध नाही, फक्त तारीख एक. २८ जूनचंच घ्या. १४९१ साली इंग्लंडचा आठवा हेन्री जन्मला, १७१२ साली रूसो. १८३८ साली व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक झाला. १९२१ साली नरसिंह राव जन्मले. १९७२ साली सिमल्यात इंदिरा गांधी आणि भुट्टो यांची बोलणी सुरू झाली, त्याच दिवशी संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस गेले. १९९७ साली माइक टायसनने होलिफील्डच्या कानाचा लचका तोडला. आता ओवा हे सगळं एका माळेत!

पण याच तारखेच्या पोटात दुसरी एक यादी आहे आणि ती मात्र ओवलेलीच आहे. धागा काढला तो तिच्यासाठी.

सुरुवात १३८९ सालची. कोसोवोच्या मैदानावर सर्बियाचा राजा लाझार आणि उस्मानी सुलतान पहिला मुराद समोरासमोर आले. दोघेही त्याच दिवशी मेले. जिंकलं कोण याबद्दल तेव्हाच्या बातम्यांतसुद्धा एकवाक्यता नाही. बोस्नियाच्या राजाने तर आपलाच विजय झाल्याचं इटलीत कळवून टाकलं होतं. सर्बियाचं राज्य पूर्णपणे बुडालं ते पुढे सत्तर वर्षांनी, १४५९ साली. पण लोकगीतांना असा हप्त्याहप्त्याने झालेला पराभव चालत नाही. त्यांनी सगळं एका दिवसात बसवलं. लाझारने स्वर्गातलं राज्य निवडलं, मिलोश ओबिलिच नावाच्या वीराने सुलतानाच्या तंबूत शिरून त्याला मारलं आणि देश बुडाला. तो दिवस संत विटसचा, सर्बियन भाषेत विदोवदान.

त्यानंतर या दिवसावर काय काय येऊन बसलं बघा.

१९१४ : ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांची सारायेव्होत हत्या. त्यातून पहिलं महायुद्ध.
१९१९ : ते युद्ध कागदोपत्री संपवणारा व्हर्सायचा तह.
१९२१ : युद्धातून जन्मलेल्या नव्या राज्याची, म्हणजे पुढच्या युगोस्लाव्हियाची, राज्यघटना. तिचं नावच विदोवदान घटना.
१९४८ : स्टालिनच्या कॉमिनफॉर्मने (कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) टिटोच्या युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं.
१९८९ : कोसोवोच्या लढाईला ६०० वर्षं झाली म्हणून त्याच मैदानावर सर्बियाचा तेव्हाचा नेता मिलोशेविच याचं भाषण.
२००१ : त्याच मिलोशेविचची हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाकडे रवानगी.

माझं म्हणणं एवढंच की ही यादी आपोआप जमलेली नाही. स्मृतिदिन असला की माणसं त्याचा वापर करतात, मग तो दिवस आणखी जड होतो आणि पुढच्याला वापरायला आणखी सोयीचा होतो. तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर

धागा आवडला, म्हणणं पटलं नाही. वर्षाचे दिवस ३६५ आणि इतिहास हजारो वर्षांचा. कुठल्याही तारखेला शेकड्याने घटना सापडतात. त्यातल्या हव्या त्या सहा उचलल्या की साखळी तयार. तुम्ही स्वतःच टायसन आणि रूसोला बाजूला काढलंत ना?

अमेरिकेचं उदाहरण देतो. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफर्सन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष काही तासांच्या अंतराने वारले. पाच वर्षांनी ४ जुलैलाच जेम्स मन्रो. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी तिघे! त्या काळी लोकांनी त्यात ईश्वरी संकेत पाहिला. आता त्यांनी काय ठरवून प्राण सोडले?

आडवाटेचा

अ‍ॅडम्स-जेफर्सन दोघेही थकलेले होते, तो दिवस गाठायचाच म्हणून तग धरली असेल, असंही म्हणणारे आहेत. पण ते सोडा. शंकासुर, मरण आणि समारंभ यांत फरक आहे हो. मरणाची तारीख हातात नसते. राज्याभिषेकाची, तहाची, उठावाची असते.

२ डिसेंबर पाहा. १८०४ साली नेपोलियनने त्या दिवशी स्वतःला सम्राट म्हणून मुकुट घातला. १८०५ साली त्याच दिवशी ऑस्टरलित्झची लढाई जिंकली. आता पुतण्याकडे या. लुई नेपोलियनने १८५१ साली सत्ता बळकावली ती २ डिसेंबरलाच आणि वर्षाने सम्राटपद घेतलं तेही २ डिसेंबरला. काकाच्या पुण्याईवर चालणाऱ्या माणसाने ती तारीख डोळे मिटून निवडली असेल असं कुणी म्हणू नये.

आणि १८ जानेवारी. १७०१ साली प्रशियाचा पहिला राजा कोनिग्सबर्गला गादीवर बसला. बिस्मार्कने १८७१ साली जर्मन साम्राज्याची द्वाही फिरवली ती १८ जानेवारीला, आणि तीही हरलेल्या फ्रान्सच्या छाताडावर, व्हर्सायच्या आरसेमहालात. फ्रेंच हे विसरतील? १९१९ साली पॅरिसची शांतता परिषद सुरू केली ती १८ जानेवारीला.

जुनी_वही

आडवाटेचा, अगदी हेच म्हणायचं होतं. तारीख हे शस्त्रासारखं परजता येतं.

गणिती_किडा

मंडळी, मुळात ती २८ जून आहे का, ते आधी बघू.

१३८९ साली लढाई झाली ती ज्युलियन कॅलेंडरच्या १५ जूनला. तेव्हा ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियनमध्ये आठ दिवसांचा फरक धरावा लागतो. म्हणजे आजच्या हिशेबाने लढाईची तारीख २३ जून. २८ नव्हेच.

मग २८ आली कुठून? सर्बियन चर्च अजूनही ज्युलियन कॅलेंडर पाळतं. संत विटसचा दिवस तिथे कायम १५ जून. पण ज्युलियनमध्ये दर चार वर्षांनी लीप वर्ष येतंच, ग्रेगोरियनमध्ये १७००, १८००, १९०० ही वर्षं लीप नव्हती. त्यामुळे दोघांतलं अंतर वाढत जातं. एकोणिसाव्या शतकात ते १२ दिवस होतं, म्हणजे विदोवदान यायचा २७ जूनला. १८८९ साली लढाईची ५०० वर्षं साजरी झाली ती ग्रेगोरियन २७ जूनलाच. १९०० च्या फेब्रुवारीनंतर अंतर १३ दिवसांचं झालं आणि विदोवदान २८ वर आला. २००० हे वर्ष दोन्हीकडे लीप असल्यामुळे तो अजून तिथेच आहे. २१०० नंतर तो २९ जूनला जाईल.

म्हणजे ही तुमची ऐतिहासिक २८ जून १९०० ते २०९९ या दोनशे वर्षांपुरतीच आहे.

शंकासुर

हा हा! संपला धागा.

रानफूल

संपला कसा? उलट इथून मजा आहे. १९१४ साली सारायेव्होत ऑस्ट्रियाची सत्ता, तिथे तारीख २८ जून. बेलग्रेडमध्ये ज्युलियन कॅलेंडर, तिथे त्याच दिवशी १५ जून. (सर्बियात सरकारी कामाला ग्रेगोरियन आलं ते १९१९ साली.) पण विदोवदान दोन्हीकडे एकच. लोकांच्या मनात आकडा नसतो, सण असतो. तिथी की तारीख हा वाद आपल्याला नवा आहे का?

मी_नवखा

सारायेव्होबद्दल थोडं विस्ताराने लिहा ना कुणीतरी. एवढंच ऐकलंय की मारेकरी सँडविच खायला दुकानात गेला आणि बाहेर आला तर समोर युवराजाची गाडी.

तळटीप

सँडविचचं सोडून द्या. त्या काळच्या जबान्यांत, खटल्याच्या कागदांत कुठेही सँडविच नाही. ती गोष्ट अलीकडच्या काळात पसरली. दुकान मात्र खरं होतं.

झालं ते असं. रविवार. युवराज सैन्याचा महानिरीक्षक म्हणून बोस्नियातल्या लष्करी कवायती बघायला आला होता. त्या आटोपल्यावर शहराची भेट ठेवलेली. मार्ग आधीच जाहीर झालेला, नदीकाठच्या रस्त्यावर सहा तरुण बाँब आणि पिस्तुलं घेऊन पांगलेले. पहिल्या दोघांसमोरून ताफा गेला, त्यांनी काहीच केलं नाही. तिसऱ्याने, चाब्रिनोविचने, बाँब फेकला. तो गाडीच्या मागे दुमडून ठेवलेल्या टपावर आपटून खाली पडला आणि मागच्या गाडीखाली फुटला. काही माणसं जखमी झाली. चाब्रिनोविचने सायनाइड गिळून मिल्याच्का नदीत उडी मारली. सायनाइडने उलटी झाली, मरण आलं नाही. आणि जून महिन्यातली नदी, बुडण्याइतकं पाणीच नव्हतं. लोकांनी धरून बाहेर काढला.

इथे दौरा रद्द व्हायला हवा होता. युवराज नगरभवनात गेला. महापौर आधी लिहून ठेवलेलं स्वागताचं भाषण तसंच वाचायला लागला, तेव्हा त्याने मध्येच तोडून विचारलं की पाहुण्यांचं स्वागत तुम्ही बाँबने करता का. मग ठरलं की रुग्णालयात जाऊन जखमी अधिकाऱ्याला भेटायचं आणि त्यासाठी गल्लीबोळ टाळून नदीकाठाने सरळ जायचं. एवढं सगळं ठरलं, पण चालकाला सांगायचं राहून गेलं. लॅटिन पुलापाशी जुन्या मार्गाप्रमाणे गाडी उजवीकडे वळली. गव्हर्नर पोटिओरेक ओरडला, "इकडे नाही!" चालकाने ब्रेक मारला. गाडी थांबली ती गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता त्याच्या जेमतेम दोन पावलांवर. दोन गोळ्या. एक युवराजाच्या मानेत, एक सोफीच्या पोटात.

आता तारखेबद्दल. तारीख कटवाल्यांनी निवडलेली नव्हती, ती दौऱ्याच्या आखणीतून आली. पण विदोवदानच्या दिवशी ऑस्ट्रियाचा युवराज सर्बांच्या वस्तीतून मिरवत जाणार हे कळल्यावर त्या पोरांना काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो. ओबिलिचची गाणी ऐकत वाढलेली पोरं ती. परक्या राजाला मारणारा वीर त्यांना आयता मिळालेला होता.

रानफूल

तळटीप, त्यात एक भर. २८ जून ही फर्डिनांडचीही स्वतःची तारीख होती. सोफी सरदार घराण्यातली, पण राजघराण्याच्या तोलामोलाची नव्हे. सम्राटाने लग्नाला परवानगी दिली ती एका अटीवर, की तिला राणीपद मिळणार नाही आणि मुलांना गादी मिळणार नाही. तशी शपथ त्याला व्हिएन्नाच्या राजवाड्यात सगळ्या दरबारासमोर घ्यावी लागली. दिवस २८ जून १९००. लग्न त्यानंतर तीन दिवसांनी.

दरबारात तिला त्याच्या शेजारी जागा नसे. सारायेव्होचा दौरा लष्करी पदावरचा, म्हणून तिथे ती उघड्या गाडीत त्याच्या बाजूला बसू शकली. पुढे व्हिएन्नात दोघांच्या शवपेट्या ठेवल्या तेव्हा तिची मुद्दाम खालच्या पायरीवर ठेवली. मेल्यावरसुद्धा शिष्टाचार सुटला नाही त्यांचा.

मी_नवखा

बाप रे. ही शवपेटीची गोष्ट माहीतच नव्हती.

शंकासुर

ठीक आहे, १९१४ अर्धं दिलं. पण शपथेची तारीख आणि हत्येची तारीख एक असणं हा निव्वळ योगायोग, हे कबूल करा. आणि १९१९ चं काय? पाच वर्षं पुरी व्हावीत म्हणून तह थांबवून ठेवला होता?

तळटीप

नाही, आणि इथे मी तुमच्या बाजूने. १९१९ चं वेळापत्रक पाहिलं तर मला त्यात हेतू दिसत नाही. मसुदा जर्मनांच्या हातात पडला ७ मे रोजी. त्यांनी लांबलचक हरकती घेतल्या. २० जूनला शायडमानचं जर्मन सरकार सही करायला नको म्हणून राजीनामा देऊन मोकळं झालं. २१ जूनला ब्रिटनच्या स्कॅपा फ्लो बंदरात अडकवून ठेवलेलं जर्मन आरमार त्यांच्याच खलाशांनी बुडवलं. २३ जूनच्या संध्याकाळपर्यंतची मुदत, नाहीतर सैन्य पुढे सरकणार. मुदत संपता संपता होकार आला. मग सहीसाठी पुढे यायला माणसंच मिळेनात! शेवटी परराष्ट्रमंत्री हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल हे दोघे आले. जर्मनांचा होकार आठवडाभर आधी आला असता तर तह विदोवदानच्या आधीच होऊन गेला असता.

जागा मात्र शंभर टक्के मुद्दाम. १८७१ चा तोच आरसेमहाल. आणि फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमान्सो याने आणखी एक गोष्ट केली. तोफगोळ्यांनी चेहरे विद्रूप झालेले पाच फ्रेंच सैनिक बोलावून त्या दालनात उभे केले. सही करायला येणाऱ्या जर्मनांच्या नजरेला ते पडावेत म्हणून. तारखेचा आधार घ्यायची त्याला गरजच नव्हती.

आडवाटेचा

त्या तहावर भारताच्याही सह्या आहेत. भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह. चीनने मात्र शांतुंगचा मुलूख जपानला दिला म्हणून सही नाकारली, महालात पाऊलसुद्धा ठेवलं नाही.

कट्ट्यावरचा

१९२१ बद्दल कुणी बोलत नाहीये. तिथे तर हेतू नावातच आहे. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं मिळून एक राज्य झालं, आणि त्याची घटना मंजूर करायला दिवस कुठला, तर सर्बांचा विदोवदान. ४१९ पैकी २२३ मतं मिळाली. रादिचच्या क्रोएट शेतकरी पक्षाने बहिष्कार घातला, त्यांना संघराज्य हवं होतं. एका जमातीचा पवित्र दिवस सगळ्यांच्या घटनेवर डकवला तर बाकीच्यांना ती घटना आपली वाटणार कशी? १९२८ साली रादिचला भर संसदेत गोळ्या घातल्या, त्यातच तो गेला. १९२९ च्या जानेवारीत राजाने घटनाच गुंडाळली आणि हुकूमशाही आणली. आठ वर्षंसुद्धा टिकली नाही.

१९४८ बद्दल मला फार सांगण्यासारखं वाटत नाही. मॉस्कोला विदोवदानचं काय पडलं होतं? टिटो ऐकत नव्हता, काढला. युगोस्लाव्हियात लोकांनी तारखेवरून मान डोलावली असेल तेवढंच.

जुनी_वही

कट्ट्यावरचा, मस्त प्रतिसाद. माझ्या मते या यादीतलं सगळ्यात नागडं उदाहरण १९८९ चं.

राजा लाझारच्या अस्थी आधी वर्षभर सर्ब वस्त्यांतून गावोगाव फिरवल्या. सहाशे वर्षांपूर्वीच्या हाडांचं दर्शन घ्यायला लोकांनी रांगा लावल्या. मार्च १९८९ मध्ये कोसोवोची स्वायत्तता छाटून झाली होती. मग २८ जूनला गाझिमेस्तानला, म्हणजे कोसोवोच्या त्याच मैदानावर, लाखोंची गर्दी, आणि मिलोशेविच हेलिकॉप्टरने उतरला. भाषणात समता, ऐक्य, युरोप हेही शब्द होते, नाही असं नाही. पण लक्षात राहिला तो एकच भाग. आज पुन्हा आपल्यापुढे लढाया आहेत, त्या सशस्त्र नाहीत, पण तशाही होणारच नाहीत असं सांगता येत नाही, अशा अर्थाचा. त्या मैदानावर, त्या दिवशी, त्या हाडांनंतर हे वाक्य ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजलं. दोन वर्षांत युगोस्लाव्हिया पेटला.

तेच वाक्य मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी बेलग्रेडच्या सभागृहात उच्चारलं असतं तर आज कुणाला आठवलंही नसतं.

शंकासुर

हे मान्य. १९२१ आणि १९८९ तुमचे. पण २००१ सुद्धा मुद्दाम म्हणाल तर भांडेन.

रानफूल

२००१ मध्ये कारण पैशाचं होतं. मिलोशेविच १ एप्रिलला अटक झाला, तेव्हापासून बेलग्रेडच्या तुरुंगात. त्याला हेगला द्यायचं की नाही यावर सरकारात उभी फूट. राष्ट्राध्यक्ष कोश्तुनित्सा विरोधात, सर्बियाचे पंतप्रधान जिंजिच बाजूने. घटनापीठाने स्थगिती दिली. पण २९ जूनला ब्रसेल्समध्ये मदत देणाऱ्या देशांची बैठक होती, आणि युद्धांनी, निर्बंधांनी देशाची तिजोरी खडखडाट झालेली. जिंजिचने स्थगिती बाजूला सारून आदल्या संध्याकाळी माणूस पाठवून दिला. हेलिकॉप्टरने बोस्नियातल्या तुझलाला आणि तिथून विमानाने नेदरलँड्सला. दुसऱ्या दिवशी बैठकीत शंभर कोटी डॉलरच्या वर मदत जाहीर झाली.

म्हणजे तारीख ब्रसेल्सच्या बैठकीने ठरवली. तरी मिलोशेविचच्या समर्थकांना ती विदोवदानची विटंबना वाटलीच. दिवस कुणीही कसाही निवडो, तिथले लोक त्याचा अर्थ कोसोवोपासूनच लावणार.

गणिती_किडा

अवांतर : २८ जून २००६ रोजी माँटेनेग्रो संयुक्त राष्ट्रांचा १९२ वा सदस्य झाला. म्हणजे युगोस्लाव्हियाचं उरलंसुरलं जोडकामही उसवलं. हा मुद्दाम की योगायोग, शंकासुरांनी ठरवावं. 🙂

तारखांचाच विषय आहे तर प्रिन्सिपचं एक सांगतो. ऑस्ट्रियाच्या कायद्यात वीस वर्षं पूर्ण नसलेल्याला फाशी देता येत नसे. प्रिन्सिपच्या जन्माच्या दोन नोंदी होत्या. चर्चच्या वहीत १३ जुलै १८९४, सरकारी दप्तरात १३ जून १८९४. जून खरा मानला असता तर हत्येच्या दिवशी तो विशीचा होऊन गेलेला होता आणि गळ्याला दोर नक्की होता. जुलै खरा मानला तर एकोणीसच. शंकेचा फायदा देऊन न्यायालयाने जुलै धरला. वीस वर्षांची सक्तमजुरी झाली. तेरेझिनच्या तुरुंगात क्षयाने हात सडला, तो कापावा लागला, आणि एप्रिल १९१८ मध्ये तो गेला. युद्ध संपलेलं त्याने पाहिलं नाही.

मी_नवखा

मग फाशी कुणालाच झाली नाही?

तळटीप

झाली ना, वयाने मोठे होते त्यांना. दानिलो इलिच, मिश्को योवानोविच आणि वेल्को चुब्रिलोविच. तिघांना ३ फेब्रुवारी १९१५ रोजी फासावर दिलं.

वेल्कोचा धाकटा भाऊ वासो हाही कटात होता. मी वर म्हटलं ना, पहिल्या दोघांसमोरून गाडी गेली आणि त्यांनी काही केलं नाही, त्यातला एक हा. वय सतरा. सोळा वर्षांची शिक्षा झाली, पण १९१८ साली साम्राज्यच कोसळल्यावर सुटला. पुढे इतिहासाचा प्राध्यापक झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर टिटोच्या सरकारात मंत्रीही झाला. वारला तो १९९० साली. म्हणजे मिलोशेविच गाझिमेस्तानला बोलला तेव्हा सारायेव्होच्या कटातला हा माणूस जिवंत होता, वय नव्वदीच्या पुढे.

शंकासुर

याच्यावर वेगळा धागा काढा तळटीप, वाट बघतो. आणि त्यात त्याने १९१४ मध्ये पिस्तूल का काढलं नाही तेही येऊ द्या.